गॅरेजमध्ये सुरू झालेला वाद्यवृंद

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर अगदी वरच्या कडेला, समुद्राला खेटून व्हेनेझुएला हा देश आहे. काराकास ही त्याची राजधानी. पण विमान राजधानीत उतरत नाही, ते खाली समुद्रकाठी माइकेतिया येथे उतरते. तेथून शहर गाठायचे तर घाट चढावा लागतो. रस्ता डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून जातो. बोगदा संपला की दोन्ही बाजूंच्या उतारांवर विटांची घरे दिसू लागतात. एकावर एक, एकाच्या खांद्यावर दुसरे अशी. गिलावा नाही, रंग नाही. वर पत्रे, पत्र्यावर पाण्याची टाकी आणि दोन घरांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी पायऱ्यांची वाट. या वस्त्यांना तिकडे 'बारिओ' म्हणतात. घाटकोपरच्या टेकडीवरची घरे ज्याने पाहिली आहेत त्याला यापुढे काही समजावून सांगायला नको.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, एका लांबट दरीत वसलेले आहे. उत्तरेला आविला नावाचा डोंगर भिंतीसारखा उभा, त्याच्या पलीकडे समुद्र. हवा बारा महिने सुखाची. संध्याकाळी इमारतींच्या गच्च्यांवरून निळ्या-पिवळ्या रंगाचे मोठाले मकाव पोपट ओरडत जातात. आणि अंधार पडला की दिवसा ओबडधोबड दिसणाऱ्या त्याच वस्त्यांचे दिवे डोंगरभर लुकलुकू लागतात. लांबून पाहणाऱ्याला ते सुंदर वाटतात. तेथे राहणाऱ्याला रोज किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे लांबून कळत नाही.

दरीच्या मध्यभागी लोस काओबोस नावाची जुनी बाग आहे. काओबो म्हणजे महोगनीचे झाड. बागेच्या एका टोकाला तेरेसा कारेन्यो हिच्या नावाचे प्रचंड नाट्यगृह १९८३ साली उभे राहिले. ही बाई १८५३ साली याच शहरात जन्मली. दहाव्या वर्षी तिने अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यापुढे पियानो वाजवला आणि पुढे युरोपभर नाव कमावले. पण ते नाव कमावण्यासाठी तिला देश सोडावा लागला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच बागेच्या कडेला दुसरी एक मोठी इमारत आहे, तिचे नावच 'संगीताद्वारे सामाजिक कार्याचे केंद्र' असे आहे. आत सभागृहे आहेत, सरावाच्या खोल्या आहेत, आणि मुख्य सभागृहातील खुर्च्यांचे रंगीबेरंगी कापड कार्लोस क्रूस-दिएस या नामवंत व्हेनेझुएलन चित्रकाराच्या कल्पनेतून आलेले आहे. या इमारतीची कथा मात्र एका गॅरेजमध्ये सुरू होते.

वाचकहो, साल १९७५. तेलाचे भाव जगभर कडाडले होते आणि तेल विकणाऱ्या व्हेनेझुएलाच्या तिजोरीत पैसा येत होता. राजधानीत सिम्फनी वाद्यवृंद होता, पण त्यात बाहेरच्या देशांतून आलेले वादक बरेच. देशातल्या तरुणाने व्हायोलिन शिकले तरी त्याने बसायचे कोठे, हा प्रश्न होता. होसे आन्तोनियो आब्रेऊ नावाच्या गृहस्थांना हे खुपत होते. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि त्याचबरोबर पियानो-ऑर्गन शिकलेले संगीतकार. त्यांनी फेब्रुवारी महिन्यात एका गॅरेजमध्ये तालीम बोलावली. नोटेशनचा कागद ठेवायची पन्नास स्टँड मिळवून आणली होती, शंभर मुले येतील असा अंदाज होता. आली अकरा.

अकरा मुले आणि पन्नास स्टँड. दुसरा कोणी असता तर स्टँड परत करून घरी गेला असता. आब्रेऊ यांनी त्या अकरांना सांगितले की आपला वाद्यवृंद जगातल्या नामांकित वाद्यवृंदांत गणला जाईल. दुसऱ्या दिवशी मुले वाढली, तिसऱ्या दिवशी आणखी वाढली. ३० एप्रिलला त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रमसुद्धा झाला. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, ही पोरे स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे तरुण वाद्यवृंदांच्या महोत्सवाला गेली आणि तेथे त्यांचे कौतुक झाले. मग सरकारने हात दिला. एक गोष्ट आब्रेऊ यांनी हुशारीने केली. ही मदत त्यांनी कलेसाठी म्हणून नव्हे, तर मुलांच्या कल्याणाचे काम म्हणून मागितली. त्यामुळे सरकारे आली आणि गेली, उजवी आली, डावी आली, पण मदत चालू राहिली.

त्यांचे घोषवाक्य दोनच क्रियापदांचे आहे: वाजवा आणि झुंजा. आपल्या वाचकांना ते परके वाटणार नाही.

गावोगाव केंद्रे निघाली. या साऱ्या पसाऱ्याला आज 'एल सिस्तेमा' म्हणजे नुसते 'व्यवस्था' असे म्हणतात. देशभरात चारशेहून अधिक केंद्रे आणि दहा लाखांच्या आसपास मुले, असा आकडा संस्था सांगते. मूल शाळा सुटल्यावर दुपारी केंद्रावर येते आणि संध्याकाळपर्यंत तेथेच असते. फी नाही, वाद्य केंद्राचे. आपल्याकडे संगीत शिकायचे म्हणजे गुरूपुढे एकट्याने बसायचे, वर्षानुवर्षे सूर पक्का करायचा आणि गुरूने परवानगी दिली तर मग मैफलीत. तिकडे उलट आहे. चार सूर आले की मुलाला वाद्यवृंदात खुर्ची मिळते. त्याच्यासाठी त्याच रचनेतला सोपा भाग वेगळा लिहून काढलेला असतो. शेजारी दोन वर्षे पुढचा मुलगा किंवा मुलगी बसते आणि तीच त्याची पहिली शिक्षिका. चार चुका झाल्या तरी शंभर वाद्यांच्या आवाजात त्या बुडून जातात, आणि पोरगे घरी जाते ते आपण मोठे काहीतरी वाजवून आलो अशा तोऱ्यात.

आता हे वाजवतात काय? येथे जरा थांबून सांगायला हवे, कारण 'सिम्फनी' म्हटले की आपल्यापैकी पुष्कळजण पान उलटतात. सिम्फनी वाद्यवृंदात चार घराणी एकत्र नांदतात. तारांची वाद्ये म्हणजे व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि माणसाहून उंच डबल बेस. लाकडी फुंकवाद्ये म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. पितळी वाद्ये म्हणजे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रोंबोन, ट्यूबा. आणि शेवटी नगारे, ढोल, झांजा. पुढे छडी घेऊन उभा असतो तो कंडक्टर, एस.टी.चा नव्हे. अठराव्या शतकात ही फौज तीस-चाळीस वादकांची असे, राजवाड्याच्या दिवाणखान्यात मावेल एवढी. एकोणिसाव्या शतकात, ज्या काळाला युरोपच्या संगीतात 'रोमँटिक' म्हणतात, ती फुगत गेली. बेटोव्हेनने १८०८ सालच्या पाचव्या सिम्फनीत ट्रोंबोन आणले. पुढे चायकोव्हस्कीने पितळ आणि ढोल मोकळ्या हाताने वापरले. शतकाच्या शेवटी आलेल्या माहलरने तर रंगमंचावर माणसे मावेनाशी केली. प्रेम, मरण, मायभूमी, बंड असे विषय. आवाज कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत.

काराकासच्या मुलांच्या कार्यक्रमांत चायकोव्हस्की आणि माहलर वारंवार का दिसतात, याचे कारण केवळ आवडीत नाही, संख्येतही आहे, असे मला वाटते. मोझार्टच्या एखाद्या सिम्फनीत ट्रोंबोनवाल्या पोराने काय करायचे? हात बांधून बसायचे. झांजवाल्याने घरी जायचे. ज्या संस्थेने कोणालाही परत पाठवायचे नाही असे ठरवले आहे, तिला गर्दी सामावून घेणारे संगीत लागते. रोमँटिक काळाचे संगीत तसे आहे. तेथे शेवटच्या रांगेत झांज घेऊन बसलेल्या मुलीलाही तिची वेळ येते, आणि ती आली की सारे सभागृह तिचे ऐकते. फेब्रुवारी २०१२ मध्ये तेरेसा कारेन्यो नाट्यगृहात माहलरची आठवी सिम्फनी झाली, तेव्हा वादक आणि गायक मिळून हजाराहून अधिक जण रंगमंचावर होते.

त्या दिवशी छडी होती गुस्ताव्हो दुदामेल यांच्या हाती. जन्म १९८१, गाव बार्किसिमेतो. वडील साल्सा नाचाच्या बँडमध्ये ट्रोंबोन वाजवीत. पोरालाही ट्रोंबोनच हवा होता, पण हात आखूड पडले म्हणून व्हायोलिन हाती आले. अठराव्या वर्षी, १९९९ साली, तो सिमोन बोलिव्हार तरुण वाद्यवृंदाचा संचालक झाला. २००४ साली जर्मनीत बांबेर्ग येथे माहलरच्या नावाने झालेली स्पर्धा त्याने जिंकली. २००९ साली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने त्याला संगीत संचालक केले. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९६२ ते १९७८ या काळात याच पदावर होते. दुसरा मुलगा एदिक्सोन रुईस. काराकासच्या एका दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देण्याचे काम करणारा. डबल बेस शिकला आणि सतराव्या वर्षी बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये जागा मिळवली.

या कथा आपल्याला गोड लागतात. पण येथे मला आपल्या बँडवाल्यांची आठवण येते. क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल त्यांच्याही हातात असतो. कानाने ऐकून नवे गाणे तासाभरात बसवतात, असे कसबी लोक. पण वरात दारात आली की नवरदेव मांडवात जातो आणि वाजवणारे बाहेर उभे राहतात. वाद्य तेच, फुंकणारी छाती तीच. खुर्ची मिळणे आणि उभे राहणे यात जो फरक आहे, तो वाद्याचा नाही. म्हणून काराकासच्या त्या गॅरेजमधला पहिला निर्णय, की आलेल्याला आधी बसवायचे आणि मग शिकवायचे, मला त्यांच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मोठा वाटतो.

अशीच एक खुर्ची बार्किसिमेतोत ऐकू न येणाऱ्या मुलांना मिळाली. तेथे 'पांढऱ्या हातांचा' गायकवृंद आहे. मुले पांढरे हातमोजे घालून उभी राहतात, शेजारी दुसरी मुले गातात आणि ही मुले तेच गाणे हातांनी हवेत काढतात.

आता १३ नोव्हेंबर २०२१ या दिवसाकडे येऊ. शनिवार होता. काराकासच्या लष्करी अकादमीच्या विस्तीर्ण पटांगणात खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. करोनाची साथ संपलेली नव्हती, म्हणून तारवाद्ये वाजवणाऱ्यांच्या तोंडावर मास्क. सर्वांत लहान वादक बारा वर्षांचा आणि सर्वांत ज्येष्ठ सत्त्याहत्तर वर्षांचे. जगातला सर्वांत मोठा वाद्यवृंद म्हणून गिनेस बुकात नोंद व्हावी, हा हेतू. आधीचा विक्रम रशियाचा, २०१९ सालचा, ८,०९७ वादकांचा. अट अशी की सर्वांनी एकच रचना एकाच वेळी पाच मिनिटांहून अधिक वाजवायची, वाद्य दोघांत वाटून घ्यायचे नाही, हात थांबवून बसायचे नाही. हे पाहायला अडीचशेहून अधिक निरीक्षक रांगांमधून नेमलेले.

निवडलेली रचना चायकोव्हस्कीची 'स्लाव्हिक मार्च'. १८७६ साली सर्बिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध चालू असताना, जखमींच्या मदतीसाठी मॉस्कोत एक कार्यक्रम झाला, त्यासाठी ती लिहिलेली. सुमारे दहा मिनिटांची. सुरुवात प्रेतयात्रेच्या संथ चालीने होते, खालच्या सुरांत. मग सर्बियन लोकगीतांच्या चाली वर येतात. मग पितळ आणि ढोल सामील होतात, आणि शेवट एवढ्या जोरात की ऐकणाऱ्याने उभे राहावे. मात्र या रचनेत रशियाच्या झारचे राष्ट्रगीतही गुंफलेले आहे, हे सांगायला हवे. दुःखितांसाठी लिहिलेल्या संगीतातही राजा आपली जागा करून घेतोच.

हजारो लोकांनी एका मैदानात एकत्र वाजवणे वाटते तेवढे सोपे नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर मागे बसलेल्याला पुढचा सूर सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उशिरा ऐकू येतो. कानावर विश्वास ठेवला तर मागचा वादक मागेच राहणार आणि त्याच्या मागचा आणखी मागे. लहानपणापासून 'शेजाऱ्याचे ऐक' असे शिकवलेल्या मुलांना त्या दिवशी कान बाजूला ठेवून छडीकडे डोळे लावावे लागले. मार्च म्हणजे पावलांची चाल. तिचा ठेका ठाम असतो, त्याचा आधार मिळाला असणार. वाजवायला बाराएक हजार जण जमले होते, असे सांगतात. २० नोव्हेंबरला निकाल आला. मान्य झालेली संख्या ८,५७३. अकरापासून ८,५७३ पर्यंत यायला सेहेचाळीस वर्षे लागली. ते पाहायला आब्रेऊ नव्हते, २०१८ साली ते वारले.

येथेच लेख संपवला असता तर छान झाले असते. पण ज्या पटांगणात हे झाले ते लष्कराचे होते, आणि ज्या देशात हे झाले तेथून लाखो माणसे पोटासाठी देशोधडीला लागली आहेत. त्यांत वादकही आहेत. सान्तियागोच्या, लिमाच्या रस्त्यांवर व्हेनेझुएलाचे शिकलेले व्हायोलिनवादक पुढे टोपी ठेवून वाजवताना दिसू लागले. २०१७ साली सरकारविरोधी मोर्च्यांत याच व्यवस्थेत व्हायोला शिकणारा एक कोवळा मुलगा मारला गेला. त्यानंतर दुदामेल यांनी सरकारवर उघड टीका केली आणि त्यांचे परदेश दौरे रद्द झाले. सरकारी पैशावर उभा असलेला वाद्यवृंद सरकारच्या समारंभाला नाही म्हणू शकत नाही. जेफ्री बेकर या ब्रिटिश अभ्यासकाने २०१४ साली पुस्तक लिहून आणखी मुळाला हात घातला. शंभर मुलांनी एका माणसाच्या छडीकडे पाहत राहणे याला लोकशाहीचे शिक्षण कसे म्हणायचे, असा त्याचा रोख आहे. प्रश्न बोचरा आहे, पण टाळण्यासारखा नाही.

त्याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने या संस्थेला मोठे कर्ज दिले होते. बँकेच्या अभ्यासकांनी १६ केंद्रांतील, सहा ते चौदा वयाच्या २,९१४ मुलांची पाहणी केली. काही मुलांना २०१२ साली प्रवेश, काहींना वर्षभर उशिरा, असे चिठ्ठ्या टाकून ठरवले आणि दोन्ही गटांची तुलना केली. २०१७ साली निष्कर्ष छापले. मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा वाढला. घराबाहेर मारामाऱ्या पाहिलेल्या मुलग्यांचा आक्रमकपणा कमी झाला. बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. ही मुले ज्या राज्यांत राहत होती तेथे गरिबीचे प्रमाण ४६.५ टक्के होते, आणि केंद्रांत दाखल व्हायला आलेल्या मुलांत ते अवघे १६.७ टक्के.

फी नाही, वाद्य फुकट, दार उघडे. तरी सर्वांत गरीब मूल आत आलेच नाही, किंवा फार थोडे आले. का आले नाही हे त्या आकड्यात लिहिलेले नाही, पण कोणत्याही वस्तीतल्या बाईला विचारा, ती सांगेल. दुपारी धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? पाणी आले तर भरणार कोण? केंद्रापर्यंतच्या बसचे पैसे? शिवाय प्रवेशाचा अर्ज कोठे मिळतो हे कळायलाही कोणीतरी कळवणारा लागतो. दार उघडे ठेवणे आणि माणसाला हाताला धरून आणणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम काराकासने फार मोठ्या प्रमाणावर केले. दुसरे अजून बाकी आहे.

काही ठिकाणी ते कसे होते, याचा एक नमुना सांगतो. वाद्ये कमी आणि मुले फार, अशी अडचण पडली तेव्हा काही केंद्रांनी 'कागदी वाद्यवृंद' काढला. चार-पाच वर्षांची मुले आपल्या आईबापांना बरोबर घेऊन येतात. पुठ्ठा, रद्दी कागद आणि खळ घेऊन सारे घर जमिनीवर बसते आणि व्हायोलिन बनवते. रंग लावतात, काठीचा गज करतात. त्यातून सूर निघत नाही. तरी मूल ते व्हायोलिन हनुवटीखाली धरायला शिकते, गज कसा पकडायचा ते शिकते, वाद्य खाली टाकायचे नाही हे शिकते, आणि कंडक्टरच्या छडीबरोबर सारे मिळून गात गात वाजवल्याचा अभिनय करते. ज्या आईने कधी व्हायोलिन जवळून पाहिले नव्हते, तिच्या बोटांना खळ चिकटलेली असते. काही महिन्यांनी लाकडी व्हायोलिन येते. ते केंद्राचे असते, कागदावर सही करून घ्यावे लागते आणि एक दिवस परत द्यावे लागते. कागदाचे मात्र घरीच राहते, पत्र्याखालच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले.